आत्याचा मान

सरका जवळ. रात्रभर कापूस राखायचा म्हणजे जागायचंच आहे, मग शेकोटीला पाठ करून कशाला बसता? ढिगापासून मात्र विस्तव लांब ठेवा. भाव उतरला म्हणून काय जाळून टाकायचा आहे?

आता तुम्ही नत्थुजीच्या घरची गोष्ट विचारताय. मला ठाऊक असणार, हे तुम्ही धरूनच चालता, आणि ते खरंही आहे. त्याचं घर नि माझं घर यांच्यामध्ये भिंत कमरेएवढी. आमची गोदाबाई म्हणते, "तुमचे कान त्या भिंतीवरच वाळू घातलेले असतेत." म्हणू दे. शेजाऱ्याचं सुखदुःख शेजाऱ्यानं नाही ऐकायचं तर काय विलायतेच्या साहेबानं ऐकायचं?

पण हळू बोला. नत्थू या वेळी जागा असतो.

गोष्ट चार वर्षांमागची. समुद्रापलीकडं कुठं तरी लढाई जुंपली होती आणि आपल्या बोंडाला सोन्याचा भाव आला होता. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या, बायकांच्या पायांत तोडे आले, आणि गावात आणखी एक पीक जोमानं आलं. सोयऱ्यांचं! कोणाची चुलतसासू उगवली, कोणाचा मावसभाऊ. माझ्याकडं एक गृहस्थ तीन दिवस जेवून गेला. तो आमच्या आजोळच्या न्हाव्याचा साडू निघाला. "कापसाचे सोयरे" म्हणायचो आम्ही त्यांना. हसायचो, पण ताट वाढायचो. नातं सांगत दारी आलेल्या माणसाला नाही म्हणायची रीत आपल्याकडं नाही. हे ध्यानात ठेवा.

नत्थूला त्याच साली मुलगी झाली. त्याची बायको मनकर्णा बाळंतपणाला माहेरी गेली होती, अंजनगावला. सव्वा महिना झाला, आता मायलेकींना घरी आणायचं. बारसं आपल्याच घरी करायचं, अशी नत्थूच्या मायची, पार्बताबाईची अट. म्हणून लेकराला अजून नाव नव्हतं. अडचण एकच होती. लेकराच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि नत्थू एकुलता एक. बहीण नाही. मग आमच्या गोदाबाईला मानलेली आत्या ठरवलं. ती आठ दिवस आधीपासून आरशासमोर "कुर्र" करून पाहत होती.

दिवस होता पौष वद्य चतुर्दशीचा, रविवार. नत्थू सकाळी गाडी घेऊन अंजनगावला गेला. सासूनं जेवणखाण, पाठवणी, रडणं यात दिवेलागण केली आणि वर म्हणते, "जावईबापू, उद्या अवस. तान्हं लेकरू हाय. ती होऊ द्या, मंग न्या."

नत्थू म्हणाला, "उद्या झुंजूमुंजू गाडी भरून अमरावतीले काढाची हाय. गाडी एकदा गेली का पंधरा दिस परतत नाही. कापूस अवस पाहात नाही, सासूबाई."

सासूनं मग गाडीत कडबा पसरला, वर वाकळ घातली, तट्ट्याच्या आडोशानं मायलेकींना निजवलं. लेकराच्या उशाशी विळा ठेवला. तान्ह्याजवळ लोखंड असावं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. "घरी जाईपर्यंत हालवू नोका," एवढं बजावून तिनं गाडी सोडली.

पहिला टप्पा मजेत गेला. त्या साली रात्रीचे रस्तेही भरलेले असायचे. कापसाच्या गाड्यांच्या रांगा, घंटांचे आवाज, गाडीवानांची गाणी. नत्थूही गुणगुणत होता. मग गाड्यांचा रस्ता दर्यापूरकडं वळला आणि आपल्या गावचा रस्ता फुटला. घंटा मागं राहिल्या. आधी बारीक झाल्या, मग नाहीशाच झाल्या.

चंद्र नव्हता. धुरेला टांगलेला कंदील बैलांच्या पायांपुरता उजेड पाडत होता. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या.

आणि गाडीच्या बाजूनं एक बाई चालत होती.

कधीपासून चालत होती, ते नत्थूला आजही सांगता येत नाही. त्यानं मान वळवली तेव्हा ती होती, एवढंच. पदर कपाळाखाली ओढलेला. हातात गाठोडं नाही, काठी नाही. त्याला वाटलं, वेचणीवरून परतणारी कोणी असेल.

"रामराम हो, भाऊ," ती म्हणाली.

"रामराम. एवढ्या रातच्या कुठं निघाल्या, बाई?"

"माहेराच्या रस्त्यानं."

"कोनतं गाव?"

तिनं आपल्या गावाचं नाव घेतलं.

"मंग पायी काहून? बसा गाडीत. आमी तिकडंच चाललो."

"परक्याच्या गाडीत कशी बसू? काई नातं लागत असंल तं सांगा."

नत्थू हसला. म्हणाला, "बाप्पा! या साली तं सारा मुलूख माहा सोयरा हाय. तुमी कोनाच्या?"

"तुमी वळखा."

"तोंड दिसन तवा वळखीन ना!"

ती चालत राहिली. बैल चांगल्या चालीत होते, पण ती मागं पडत नव्हती. थोड्या वेळानं आपणच म्हणाली, "माहेर सुटलं तवा लई लहान होती मी. तुमी नव्हते तवा."

आता अशा बाईला काय म्हणायचं? नत्थू मनाचा चांगला. तो म्हणाला, "जाऊ द्या. गावची लेक म्हंजे आपली बहीणच. झालं का नातं? बसा आता."

पोरांनो, यात नत्थूचं चुकलं काय? तुम्हीही हेच म्हणाला असता. मी तर दोन नाती जास्त लावली असती.

ती थांबली. गाडीही थांबली. नत्थूनं कासरा ओढला नव्हता.

"तुमी म्हनलं हां," ती म्हणाली. "मी नाही म्हनलं."

मग ती मागच्या बाजूनं आली आणि उभी राहिली.

"बसा ना."

"जागा नाही. तो विळा सरकवा."

नत्थू म्हणतो, त्या घटकेला मला सासूचं बोलणं आठवलं होतं. पण बहीण म्हटलं, आणि तिला बसायला जागा नाही द्यायची? त्यानं हात लांब करून लेकराच्या उशाशी ठेवलेला विळा उचलला आणि पुढं आपल्या पायाखाली ठेवला.

ती बसली.

तुम्ही गाडी हाकता, तुम्हाला सांगायला नको. मागून माणूस चढलं की गाडी उलाळते. जू बैलांच्या मानेवरून वर उचलतं. तसं काही झालं नाही. बसली, पण गाडीला कळलं नाही. आणि दहा पावलं गेल्यावर बैल असे वाकून ओढायला लागले, जसा काही गाडीत ओला कापूस भरलाय.

"हे लेकरू कोनाचं?" मागून आवाज आला.

"माहंच. पोरगी हाय."

"तुमची पोरगी. अन् मी तुमची बहीन."

"हो."

"मंग मी हिची कोन?"

नत्थू हसतच म्हणाला, "आत्या. दुसरं कोन?"

 चाकं वाजत होती, तेवढंच.

"नाव काय ठेवलं?"

"अजून नाही ठेवलं."

"हो," ती म्हणाली. "आत्या आली नव्हती ना."

इथं नत्थूचं हसू गेलं. का गेलं, ते त्याला तेव्हा कळलं नाही. त्यानं बैलांना आवाज दिला. तो त्याच्याच कानाला परका वाटला.

"माय कशी हाय?" तिनं विचारलं.

"बरी हाय," तो बोलून गेला. मग थबकला. तुमची माय, असं ती म्हणाली नव्हती.

"रातच्याले अजून हात तसाच टाकते का? उजवा. बाजूले. मोकळा."

पार्बताबाई आयुष्यभर तशीच निजत आली होती. उजवा हात लांब, तळवा वर, जसं काही त्या हातावर कोणाची मान यायची आहे. नत्थू त्या हाताच्या बाजूला लहानाचा मोठा झाला. पण त्या हातावर तिनं त्याला कधी निजवलं नव्हतं. तो डाव्या कुशीला असायचा. हे त्यानं कोणाला कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे, हेच त्याला वाटलं नव्हतं.

त्यानं मागं पाहिलं नाही.

"मनकर्णे," त्यानं हाक मारली.

मनकर्णा उठली नाही.

"मनकर्णे…"

"निजू दे तिले," मागून आवाज आला. "लेकरू जागं हाय. दे."

नत्थू समोर बैलांकडं बघत राहिला.

"आत्या म्हनलं ना तू? दे."

मला नत्थूनं हे सांगितलं तेव्हा तो रडत होता. मी विचारलं, "देलं काहून, लेका? विळा पायाखाली होता, उचलाचा होता." तो म्हणाला, "खुशालकाका, हात उचलतच नव्हता. अन् खरं सांगू? भ्याव वाटत होतं, पन परकी नव्हती वाटत. परकी वाटली असती तं मारलंच असतं."

त्यानं मागं वळून, डोळे मिटून, मनकर्णाच्या कुशीतून लेकरू उचललं.

कोणी तरी ते घेतलं.

लेकरू रडलं नाही. हूं नाही, चूं नाही. नत्थूनं डोळे उघडले. ती लेकरावर वाकली होती. पदराखाली तोंड दिसत नव्हतं. लेकराच्या कानाशी तिचं तोंड होतं. सांगत होती. नाव एवढं लांब नसतं. पण ती सांगत होती. पुन्हा. पुन्हा…

मग थांबली.

वाकलेलीच राहिली. पाठ नत्थूकडं.

बैल थांबले. चाकं थांबली. पऱ्हाटीचं पान हलत नव्हतं.

ती वाट पाहत होती.

"मारनारं कोनी नाही का?" ती म्हणाली.

आत्यानं कानात "कुर्र" केलं, की बायका तिच्या पाठीवर धपाटे घालतात. हसतात. तोच तर मान. एवढ्या वर्षांत तिच्या पाठीवर कोणी हात ठेवला नव्हता.

नत्थूनं हात पुढं केला.

रात्रभर दवात पडलेल्या कापसाच्या ढिगात हात घालावा ना, तसा तो आत गेला. मऊ. गार. आणि आत काही नाही.

…

पुढं नाला येतो. आपल्या शिवेवरचा, पळसाचा. तिथं ती उतरली. लेकरू पुन्हा मनकर्णाच्या कुशीत होतं. कधी ठेवलं, कोणी पाहिलं नाही.

"इथं," ती म्हणाली. "इथं ठेवलं होतं मले."

नत्थूच्या तोंडून कसंबसं निघालं, "घरी… येत नाही?"

"बोलावल्याबिगर माहेरी कशी येऊ?" आणि मग, "मायले सांग. नाव वाया नाही गेलं."

तो पुन्हा बघतो तर पळसाची झाडं, आणि दुसरं काही नाही.

मनकर्णा तेव्हा उठून बसली. म्हणाली, "कोनाशी बोलून राहिले? मले सपन पडलं जी. कोनी तरी लेकरू मागून राहिलं होतं… अन् मी 'घे' म्हनलं."

गाडी गावात आली तेव्हा पहाट व्हायची होती. मी नेमका भिंतीपाशी दातण करत होतो. असं काय बघता? माणूस पहाटे दातण नाही करत? पार्बताबाई दारात परातीत भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिनं लेकरावरून ओवाळला, टाकला, आणि नत्थूच्या तोंडाकडं बघून मनकर्णाला म्हणाली, "तू जाय घरात."

नत्थूनं सगळं सांगितलं. ती उभ्यानं ऐकत होती.

"तोंड पाह्यलं?"

"नाही."

"आवाज?"

नत्थू बैलांचं जू सोडायला वळला.

"आवाज कसा होता, नत्थू?"

"तुह्यासारखा," तो म्हणाला.

मग त्यानं निरोप सांगितला. नाव वाया नाही गेलं. तो ऐकला आणि पार्बताबाई उंबऱ्यावरच खाली बसली. हातातली परात वाजत अंगणात गेली.

नत्थूच्या आधी तिला एक मुलगी झाली होती. आम्ही या गावात नंतर राहायला आलो, म्हणून हे मलाही तेव्हाच कळलं. त्या मोठ्या दुकाळाचं साल. माणसं झाडाचा पाला खात होती. नवराबायको गाव सोडून निघाले, पोटाशी महिन्याभराचं लेकरू. माझं दूध आटलं होतं, असं ती म्हणाली. लेकरू रडून रडून रडायचं थांबलं. नवऱ्यानं ते नाल्याच्या काठी पळसाच्या पानांवर ठेवलं. जगेल तर वाटसरू नेईल, म्हणाला. ती मागं न बघता चालत गेली. पुढल्या साली पाऊस झाला, दोघं परत आले, नत्थू झाला. नवरा मरेपर्यंत दोघांनी कधी त्या गोष्टीचा उच्चार केला नाही.

"बारसं नव्हतं झालं तिचं," ती म्हणाली. "पन म्या नाव ठेवलं होतं. मनातच. पोटात होती तवाच. तुह्या बापालेबी नाही सांगतलं."

"मंग तिले कसं माहीत, माय?"

पार्बताबाई अंगणातली परात उचलायला उठली.

नत्थू अमरावतीहून परतल्यावर माघ वद्य पंचमीला बारसं झालं. आमच्या गोदाबाईनं पाळण्यात वाकून सांगितलं, "कुर्र… शकुन." बायकांनी धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या. घरी आल्यावर गोदाबाई नथ काढत म्हणाली, "लेकरू माह्याकडं पाहातच नव्हतं जी. भरल्या घागरीत पानी ओतावं, तसं झालं."

आणि खरोखर, शकुन त्या नावाला कधी वळली नाही.

रांगायला लागली, चालायला लागली. नत्थू हाका मारायचा, "शकुन! शकुने!" ती मातीत खेळत राहायची. बहिरी असेल म्हणून वैद्यानं मागं थाळी वाजवली, तर दचकून उठली. चिमणी बोलली तरी ऐकायची. मनकर्णानं टाळी वाजवली की जायची, हात धरला की चालायची. पण शकुन म्हटलं की नाही. लोक म्हणत, लाडानं डोक्यावर बसलीय. नत्थूला ठाऊक होतं. तो मला म्हणायचा, "काका, पोरगी माही हाय. माह्यासारखं नाक हाय. पन मी बलावलं तं येत नाही. उद्या तिनं बलावलं तं?"

नाल्याकडं तिला कधी नेत नसत. रात्री दाराला आतून दोन कड्या. आणि चतुर्दशीला तो उंबऱ्यात आडवा निजायचा.

तो मायच्या पायावर डोकं ठेवायचा. "ते नाव सांग मले. एक डाव. मी त्या नावानं हाक मारतो, पोरगी माही होईन."

पार्बताबाई म्हणायची, "तिचंबी तेच नाव हाय, बाबा. तू दारात उभा राहून ते घेतलं, तं कोनाले बलावणं गेलं म्हनशीन?"

मी एकदा मधे बोललो. म्हटलं, "पार्बताबाई, नत्थूले नाही तं मले सांगा. मी कोनाले सांगणार नाही." तर त्या दुखण्यातही ती हसली. म्हणाली, "खुशालराव, साऱ्या गावाचं तुमाले पाह्यजे. हे एक राहू द्या."

गेल्या आषाढात तिनं अंथरूण धरलं. अन्न सुटलं, मग पाणी सुटलं. आषाढ वद्य चतुर्दशीच्या रात्री नत्थूनं मला बोलावून घेतलं. शकुनला आमच्या घरी गोदाबाईजवळ निजवलं होतं. त्या घरात मी, नत्थू, मनकर्णा आणि खाटेवर ती. पाऊस उघडला होता. वारा पडला होता.

तिनं डोळे उघडले.

"दार उघड," ती म्हणाली.

नत्थू समजला. मीही समजलो. 

"माय, नको. पोरगी जाईल माही."

"उघड."

"तीन वर्सं राखली व, माय… तुह्या पाया पडतो…"

"नत्थू," ती म्हणाली. "किती दिस वेशीच्या बाह्यर ठेवू तिले? तुही तुले राहील. माही मले येईल. उघड."

नत्थू हलला नाही. मनकर्णा उठली. एक कडी काढली. दुसरी काढली. तिची पोर पणाला लागली होती, आणि दार तिनंच उघडलं. पुढं मी तिला विचारलं, "काहून उघडलं, पोरी?"  एवढंच म्हणाली, "मी बी माय हाय."

बाहेर काळोख.

पार्बताबाई कोपरावर उठली. कुठून जोर आला, देव जाणे. आणि तिनं हाक मारली. लेक विहिरीवर रेंगाळली की मारतात ना, तशी. मोठ्यानं. ते नाव घेऊन.

…

काय बघता? हो, ऐकलं मी. स्पष्ट ऐकलं. काय नाव होतं, ते विचारू नका. सगळ्या गावाच्या गोष्टी सांगत फिरलो मी, पण ते नाव पुन्हा तोंडातून काढलं नाही. आता रात्र आहे. आपण उघड्यावर बसलोय. आणि त्या नाल्याचं अंतर इथून किती आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे.

हाक गेली.

आधी काही नाही.

मग भिंतीच्या पलीकडून, आमच्या घरातून, झोपेतला लहान आवाज आला, "ओ."

शकुन. तीन वर्षांत पहिल्यांदा तिनं हाकेला ओ दिली होती. नत्थू दाराकडं धावला.

आणि तेवढ्यात दुसरी ओ आली.

रस्त्याकडून.

मोठ्या बाईचा आवाज. पार्बताबाईसारखा. तिच्या तरुणपणीचा असावा तसा.

नत्थू दारात होता तिथंच थिजला. मी भिंतीला पाठ लावली. डोळे मिटले. हो, मी. चार घरचं बघितल्याशिवाय ज्याच्या गळ्याखाली घास उतरत नाही, त्यानं डोळे मिटले. पाऊल वाजलं नाही. वाराही आला नाही. फक्त दिवा एकदा खाली बसला आणि पुन्हा उभा राहिला. खाटेची दोरी करकरली, एकच वेळ.

मग पार्बताबाई म्हणाली, "ये."

मी डोळे उघडले तेव्हा पार्बताबाई गेली होती. उजवा हात तसाच बाजूला. पण मोकळा टाकलेला नव्हता. कोपरात वळलेला. कोणाला तरी जवळ घेतल्यासारखा.

नत्थू वेड्यासारखा आमच्या घरी धावला. गोदाबाई पोरीला पोटाशी धरून बसली होती. दारातूनच तो ओरडला, "शकुन!" आणि रडत खाली बसला. आणि पोरांनो, ती पोर डोळे चोळत उठली, त्याच्याकडं वळली, आणि म्हणाली, "काय, बाबा?"

त्या दिवसापासून ती शकुनच आहे. हाक मारा, धावत येईल. उद्या बघा पाहिजे तर.

नत्थू तरीही या वेळी जागा असतो. दोन कड्या लावतो. का, ते मी विचारलं नाही.

सकाळी बायकांनी पार्बताबाईला शेवटची आंघोळ घातली. गोदाबाई त्यांत होती. घरी आली ती ओल्या लुगड्यानिशी, न बोलता चुलीपाशी बसली. गोदाबाई आणि न बोलता! मी विचारलं, "काय झालं?" नाही. पुन्हा विचारलं. नाही.

दिवेलागणीला म्हणाली, "तुमी कोनाले सांगसान."

"नाही सांगत."

"तिची चोळी काढली आमी…"

"मंग?"

तिनं दाराकडं पाहिलं. आवाज खाली आला.

"ओली होती. दोन्हीकून. मले वाटलं, पानी सांडलं असंल… हात लावून पाह्यला जी. दूध होतं."